उघडलं की आधी लिहा

आमच्या विमान-दुरुस्तीच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पडतं: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. इन्स्टिट्यूटमध्ये सर सांगतात, इंडक्शनच्या स्लाइडवर असतं, ऑडिटर आला की तोही तेच म्हणतो. मीही बरीच वर्षं नव्या मुलांना हेच ऐकवत होते. आता ऐकवत नाही. कारण वाक्य अर्धंच आहे, आणि त्यातून सुटलेल्या अर्ध्या भागाने विमानं पाडली आहेत.

बघा, काम पूर्ण केलं आणि लिहायचं राहिलं, तर फार तर काय होईल? पुढचा माणूस तेच काम पुन्हा करेल. ऑइल लेव्हल बघून झालेली असताना पुन्हा बघेल. वेळ जाईल, सुपरवायझरची बोलणी बसतील, विमानाचं काही बिघडत नाही. पण पॅनेल उघडलं, अर्धे स्क्रू काढले, तेवढ्यात दुसरीकडे बोलावणं आलं आणि कागदावर काहीच नाही, तर? पुढचा माणूस शिकवल्याप्रमाणे वागतो. लिहिलं नाही, म्हणजे कुणी हात लावलेला नाही, असं धरून चालतो. आणि विमान सोडतो.

मी बी-वन लायसन्सवाली, म्हणजे विमानाच्या यांत्रिक कामावर सही करू शकणारी इंजिनिअर. मुंबईत लाइनवर रात्रपाळ्या केल्या, पुढे हँगरमध्ये होते, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये आले. घरच्यांच्या मते ही माझी पदावनती आहे. सासूबाई शेजारी सांगतात, ‘आधी विमानं दुरुस्त करायची, आता त्यांचे कागद सांभाळते.’ मी वाद घालत नाही. पण इतक्या सगळ्यांचे कागद रोज वाचायला लागल्यावर मला जे दिसायला लागलं, ते स्पॅनर हातात असताना दिसत नव्हतं.

ए320 जातीच्या विमानाचं फॅन काउल घ्या. इंजिनाच्या पुढच्या भागावरची दोन मोठी झाकणं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खाली येऊन पोटाशी मिळतात. तिथे ओळीने लॅचेस. इंजिन जमिनीपासून इतकं जवळ असतं, की ते लॅचेस नीट बघायचे तर टार्मॅकवर गुडघे टेकून मान वाकडी करावी लागते, पावसाळ्यात तर अक्षरशः चिखलात. झाकण नुसतं खाली सोडलं, लॅच लावलं नाही, तरी उभ्या माणसाला ते बंदच दिसतं. कॅप्टन टॉर्च घेऊन फेरी मारतो, त्यालाही बंद दिसतं.

24 मे 2013 ला लंडनच्या हीथ्रोवर हेच झालं. आदल्या रात्री दोन तंत्रज्ञांनी ब्रिटिश एअरवेजच्या एका ए319 ची दोन्ही इंजिनांची काउल्स उघडली. इंजिनावर बसवलेल्या जनरेटरचं, म्हणजे आयडीजीचं, तेल बघायचं होतं. तेल भरायला लागणार होतं, पण तेलाची गन जवळ नव्हती. काउल्स लॅच न लावता खाली सोडून दोघं दुसऱ्या कामाला गेले. परत आले ते गन घेऊन, पण भलत्याच बेवरच्या, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवरच्या, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या विमानापाशी. तिथली काउल्स व्यवस्थित बंद होती. त्यांना वाटलं, कुणीतरी लावून टाकली असतील. सकाळी पहिलं विमान ऑस्लोला निघालं आणि टेकऑफच्या वेळी दोन्ही इंजिनांची काउल्स उडून गेली. जाताना उजव्या इंजिनाची इंधनाची नळी तुटली, आग लागली. विमान फिरून हीथ्रोलाच उतरलं आणि आतले 80 जण सुखरूप बाहेर आले.

या घटनेचा चौकशी अहवाल मी मुलांना वाचायला देते तेव्हा सगळे ‘चुकीच्या विमानाकडे गेले’ यावर हसतात. हसण्यासारखं काही नाही. पहाटे तीनला, एकाच रंगाची आठ विमानं ओळीने उभी असताना, शेपटीवरचं रजिस्ट्रेशन वाचल्याशिवाय कुणीही चुकेल. माझ्या दृष्टीने त्या प्रकरणात खरी वाईट गोष्ट एकच. काउल उघडताना टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ‘फॅन काउल्स ओपन’ अशी एक ओळ पडली असती, तर ती ओळ सकाळपर्यंत उघडी राहिली असती. तंत्रज्ञ कुठेही गेले, कितीही दमले, तरी विमान त्यांच्यासाठी थांबलं असतं. कॅप्टन उघडी एन्ट्री असलेला लॉग घेऊन निघू शकत नाही.

आमच्याकडे आता काउल उघडायच्या आधी एन्ट्री, आणि बंद केल्यावर दोघांची सही. नवी मुलं कुरकुरतात. ‘मॅडम, दोन मिनिटांचं काम. तेल बघायचं आणि लावून टाकायचं.’ दोन मिनिटांच्याच कामात माणूस उठून जातो, हे त्यांना कसं सांगायचं? तासाभराच्या कामात कुणी गन आणायला विसरत नाही.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे आणि तिचा शेवट चांगला नाही. 11 सप्टेंबर 1991. कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर 120, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं छोटं विमान, टेक्सासमध्ये लारेडोहून ह्यूस्टनला येत होतं. उतरायला लागल्यावर ईगल लेक गावाजवळ हवेतच तुटलं. 14 जण गेले. शेपटीच्या आडव्या पंखाची डावी लीडिंग एज, म्हणजे पुढची कड, उपटली गेली होती. अवशेष तपासताना लक्षात आलं, की त्या भागाच्या वरच्या बाजूला असायला हवेत ते 47 स्क्रू तिथे नव्हतेच. मोडले नव्हते, सैलही झाले नव्हते. आदल्या रात्री माणसाने काढले होते.

झालं असं. शेपटीवरचे डीआयसिंग बूट, म्हणजे बर्फ फोडण्यासाठी फुगणाऱ्या रबरी पट्ट्या, उजवी-डावीकडचे दोन्ही बदलायचे होते. त्यासाठी लीडिंग एज काढावी लागते. या विमानाचा आडवा पंख टी अक्षरासारखा पार वर असतो, खालून त्याची वरची बाजू दिसण्याचा प्रश्नच नाही. संध्याकाळच्या पाळीने उजवीकडून सुरुवात केली. पाळीचा इन्स्पेक्टर मदतीला म्हणून वर चढला आणि त्याने उजवीकडच्या वरच्या रांगेतले स्क्रू काढले, मग हाताबरोबर डावीकडचेही. भला माणूस. पुढच्या पाळीचं काम हलकं करून ठेवत होता. पाळी संपली, स्क्रू पिशवीत, पिशवी लिफ्टवर. रात्रपाळीने विमान ताब्यात घेतलं, उजवी बाजू पूर्ण केली, आणि वेळ पुरणार नाही म्हणून डावी बाजू त्या रात्री करायची नाही असं ठरवलं. जी बाजू करायचीच नाही, तिच्याकडे कोण बघतंय? टास्क कार्डवर, म्हणजे कामाच्या कागदावर, डावीकडच्या वरच्या स्क्रूंबद्दल चकार शब्द नव्हता.

यातला एक बारकावा मला फार सतावतो. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर वेळेआधी आला होता. त्याने हँडओव्हरची वही उघडून वाचली. म्हणजे नेमानेच वागला. पण त्याने वाचली तेव्हा आधीच्या इन्स्पेक्टरने अजून काही लिहिलेलंच नव्हतं. त्याने नंतर लिहिलं, तेही मोघम, बूट काढायला मदत केली इतपत. वाचणारा आधी येऊन गेला, लिहिणारा नंतर आला, दोघांची गाठ पडली नाही. सकाळी विमान आधी ह्यूस्टनहून लारेडोला गेलं, पोचलंसुद्धा. परतीच्या वाटेवर खालच्या स्क्रूंच्या जोरावर टिकलेली ती लीडिंग एज सुटली.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या बोर्डाने, नेहमीप्रमाणे देखभाल आणि तपासणी करणाऱ्यांनी पद्धत पाळली नाही, देखरेख कमी पडली, असा निष्कर्ष काढला. बोर्डाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं: पद्धत पाळायला लावणारं वातावरण कंपनीच्या वरिष्ठांनी उभं केलं नाही, हेही कारणात धरा. मला ते पटतं, आणि का पटतं ते पुढे सांगते.

त्याआधी तिसरी गोष्ट, कारण ती कालपरवाची आहे आणि तुम्ही तिचा व्हिडिओ पाहिलेला आहे. 5 जानेवारी 2024, अलास्का एअरलाइन्सचं 737 मॅक्स 9, पोर्टलंडहून निघाल्यावर जवळपास 15,000 फुटांवर भिंतीचा तुकडा उडाला आणि कडेला दरवाजाएवढं भोक. तो डोअर प्लग, म्हणजे जिथे जादा दार बसवायचं नसतं तिथे लावलेलं झाकण. त्याला चार बोल्ट हवेत, चारही नव्हते. भोकाजवळच्या दोन खुर्च्या नशिबाने रिकाम्या होत्या. चौकशीत दिसलं, की सप्टेंबर 2023 मध्ये बोइंगच्या रेंटन कारखान्यात शेजारचे खराब रिव्हेट दुरुस्त करायला तो प्लग उघडला गेला होता. रिव्हेटच्या कामाची नोंद आहे, तारखांसकट आहे. प्लग उघडल्याची नोंद नाही. उघडल्याची नोंद नाही म्हणून बंद केल्याची तपासणी निघाली नाही. तपासणी निघाली नाही म्हणून बोल्ट नाहीत हे बघायला कुणी आलं नाही. बोल्ट नसलेल्या जागेचा फोटो मात्र आहे. आतल्या सजावटीबद्दल बोलताना कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पाठवलेला.

1991, 2013, 2023. तिन्ही ठिकाणी ज्या कामासाठी माणसं गेली होती, ते काम कागदावर होतं. कागदावर नव्हतं ते वाटेत उघडलेलं झाकण. आम्ही त्याला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतो आणि कामात धरत नाही. इंजिनाचा पंप बदलला तर पानभर लिहितो: काढलेल्याचा पार्ट नंबर, सिरियल नंबर, चढवलेल्याचा पार्ट नंबर, सिरियल नंबर, मॅन्युअलचा कुठला टास्क, टॉर्क किती, टॉर्क रेंचचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत. पण त्या पंपापर्यंत पोचायला काय काय उघडलं, ते शेवटी एका ओळीत, ‘पॅनेल्स रिफिटेड’. किती पॅनेल्स? कुठली?

म्हणून माझा आग्रह सही करण्याआधीच्या क्षणावर असतो. स्क्रूड्रायव्हर लावायच्या आधी कार्डावर एक ओळ. काढलेला स्क्रू पिशवीत, पिशवीवर पॅनेलचा नंबर आणि विमानाचं रजिस्ट्रेशन, आणि पिशवी त्याच पॅनेलला बांधायची, ट्रॉलीवर नाही. सगळे स्क्रू भरेपर्यंत ओळ उघडी.

आता ते वातावरणाचं. माणसं का लिहीत नाहीत? आळशी म्हणून नव्हे. आमच्यातले सगळ्यात सुस्त लोकही लिहितात, कारण लिहिताना बसता येतं. न लिहिण्याचं कारण साधं आहे: लिहिलं की विमान अडकतं. उघडी एन्ट्री म्हणजे ती बंद करायला लायसन्सवाला हवा, त्याची रिलीजची, म्हणजे विमान उडायला योग्य असल्याची सही हवी, तो दुसऱ्या बेवर असला तर डिले, आणि डिलेला कारणाचा कोड. तो कोड कुणाच्या तरी नावावर पडतो. मी पूर्वी जिथे होते तिथे एका साहेबांनी डोकं चालवून शिफ्टवार तक्ता लावला होता, कुठल्या शिफ्टने सकाळी किती एन्ट्र्या उघड्या ठेवल्या त्याचा. महिनाभरात आकडे झकास खाली आले. साहेबांना बढती मिळाली. विमानं होती तशीच होती, मुलांनी एन्ट्र्या उघडणं बंद केलं होतं. अर्धवट कामं तोंडी सांगायला लागले, कँटीनच्या रांगेत, ‘अरे, त्या तीन नंबरवाल्याचं उजवं पॅनेल बघून घे हां.’ ज्याला सांगितलं तो त्या दिवशी सुट्टीवर गेला तर?

विमान अडकावं म्हणूनच तर एन्ट्री असते. हे मी एकदा मीटिंगमध्ये मोठ्याने बोलले. शांतता पसरली, मग चहा आला.

कागद आणि पद्धत म्हटलं की दरवेळी 1990 च्या त्या काचेची गोष्ट निघते. बर्मिंगहॅमहून निघालेलं बीएसी वन-इलेव्हन, 17,300 फुटांवर समोरची काच उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर लटकला, केबिन क्रूने पाय धरून ठेवले, को-पायलटने साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. नव्या काचेच्या 90 पैकी 84 बोल्टांचा व्यास कमी होता, फरक पाऊण मिलिमीटरही नाही. लोक म्हणतात, मेंटेनन्स मॅनेजरने डोळ्याने बोल्ट जुळवले. खरं आहे. पण त्याने कशाशी जुळवले ते कुणी सांगत नाही. काढलेल्या जुन्या बोल्टांशी, आणि ते जुने बोल्टही चुकीचेच होते, लांबीला कमी. आधी कुणीतरी बसवलेले, वर्षानुवर्षं उडालेले. स्टोअरवाल्याने त्याला सांगितलंसुद्धा, की या काचेला 8डी नंबरचे बोल्ट लागतात. त्याने विचार केला, इतकी वर्षं 7डी चाललेत, मग तेच. स्टोअरमध्ये पुरेसे नव्हते म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या अंधाऱ्या रॅकवरून शोधून आणले, ते निघाले 8सी, व्यासाने बारीक. पार्ट्स कॅटलॉग उघडला असता तर एका मिनिटात नंबर मिळाला असता. ‘जुनं होतं तसंच बसवलं’ हे वाक्य आजही रोज ऐकू येतं. विमानावर आहे म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालायचं. विमानावर जे आहे ते कुणीतरी रात्री तीनला बसवलेलं असतं.

आता माझ्या टेबलावर. भाड्याचं विमान मुदत संपून मालकाकडे परत जायचं असलं, की आमच्या खोलीत खोकी उघडतात. इंजिनातल्या फिरत्या डिस्कना ठराविक सायकलींचं आयुष्य असतं, साधारण 20,000 ते 30,000. एक टेकऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल. प्रत्येक डिस्कचा हिशेब तिच्या जन्मापासून लागतो: कुठल्या इंजिनात होती, ते इंजिन कुठल्या विमानावर होतं, तिथे किती सायकली झाल्या, कुणी काढली, कुणी चढवली. सातबाऱ्यावर मधला एखादा फेरफार सापडला नाही तर जमीन विकता येत नाही, तसंच. मधल्या दोन वर्षांचा कागद नसेल तर डिस्क कितीही चकचकीत असो, तिला भंगाराचा भाव. आणि कागद नुसता असून भागत नाही. 2023 मध्ये सीएफएम56 इंजिनांच्या सुट्या भागांसोबत एका ब्रिटिश पुरवठादाराने बनावट रिलीज सर्टिफिकेटं दिल्याचं बाहेर आलं आणि जगभरच्या कंपन्यांना इंजिनं तपासत बसावं लागलं. ज्याचं नाव सर्टिफिकेटवर आहे त्यालाच ‘हे तुम्ही दिलंत का?’ असं विचारल्यावर ते उघडकीला आलं.

नव्या मुलांच्या कार्डांवर मी सगळ्यात आधी तारीख बघते. लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो. मुंबईत पहाटे दोन वाजता 10 तारीख लागलेली असते, लॉगमध्ये मात्र 9 तारीख, 20:30. पोरं घड्याळ बघून 10 टाकतात. वरवर क्षुल्लक. पण एखादा स्नॅग, म्हणजे बिघाड, एमईएलच्या (कुठला बिघाड असतानाही विमान उडू शकतं त्या यादीच्या) सी कॅटेगरीत पुढे ढकलला असेल, तर नोंदीचा दिवस सोडून दहा दिवसांची मुदत मिळते. एक तारीख चुकली की विमान एक दिवस जास्त उडतं, तेही बेकायदा, आणि ऑडिटमध्ये आम्ही माना खाली घालून उभे. चूक झालीच तर एक आडवी रेघ, बाजूला सही, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर आमच्या खोलीत आणायला बंदी आहे. एका अप्रेंटिसने चक्क खिशातून काढला होता, त्याला अजून सगळे त्याच नावाने हाक मारतात.

आता ई-टेक लॉग आलाय, टॅबलेटवर. अक्षर लागत नाही ही तक्रार संपली, तारीखही आपोआप यूटीसी पडते, त्याबद्दल करणाऱ्याचे हात धरून आभार मानावेत. पण अडचण वेगळीच निघाली. एन्ट्री उघडली की कारण निवडायला यादी येते: स्नॅग, शेड्यूल्ड टास्क, डिफर्ड, रॉबरी. रॉबरी म्हणजे चोरी नव्हे हो, एका उभ्या विमानाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावणे. यादीत ‘अ‍ॅक्सेससाठी उघडलं’ असं काही नाहीच. मग मुलं ते स्नॅगखाली टाकतात, बिघाडांचा हिशेब ठेवणारे रिलायबिलिटीवाले विचारतात हा स्नॅग कुठून आला, आणि पुढच्या वेळी मुलं टाकतच नाहीत. मी सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केला, सोबत हीथ्रोच्या अहवालाची पानं जोडली. उत्तर आलं, की सूचनेची नोंद घेतली आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये विचार करू. तोवर आमच्या हँगरमध्ये टॅबलेटशेजारी दोरी बांधलेली जुनी वही टांगली आहे, आणि क्वालिटीवाले रोज विचारतात की ही वही कंट्रोल्ड डॉक्युमेंट, म्हणजे मंजूर नंबर असलेला कागद, आहे का. नाहीये. फॉर्म नंबरसाठी अर्ज केलाय.